पाळी म्हणजे उजनीची!

सोलापुरात 'पाळी' हा शब्द चारचौघांत मोठ्याने उच्चारायला कसलीही हरकत नाही. उजनीच्या कालव्याला पाळी सुटली की पेपरात ठळक बातमी येते. मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या रानाला कुळवाच्या किती पाळ्या घातल्या, हे माणसं पारावर बसून बोटांवर मोजून सांगतात. यंत्रमागावर दिवसपाळी, रातपाळी आहेच. अडचण फक्त एका पाळीची. म्हणून तर तिला 'अडचण' म्हणतात. 'कावळा शिवला' म्हणा, 'बाहेरची झाली' म्हणा, कावळ्याला बोल लावा. शब्द तेवढा तोंडातून जाऊ देऊ नका.

तर, तुमच्या घरात नववीतली मुलगी आहे आणि महिन्यातले दोन दिवस ती गुडघे पोटाशी घेऊन, घामाने डबडबून पडते, असं समजू. उलट्या होतात, जुलाब होतात, कंबर मोडून येते. घाबरू नका. आधी आजीला बोलवा. आजी म्हणेल, "सगळ्याच बायकांना होतंय की! आम्ही त्यातच हजार-हजार विड्या वळल्या." ते खरंच आहे. मजुरी हजारावर होती; पोटात कळ आली म्हणून सुपातली पानं आपोआप वळली जात नव्हती. तेव्हा आजीला कुणी विचारलं नाही, म्हणून आता नातीला विचारायचं नाही. परंपरा अशीच टिकते.

डॉक्टरकडे मात्र नेऊ नका. तिथे नसती माहिती मिळते. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती जास्त झाली की गर्भाशयाचे स्नायू जोरात आवळतात, त्यांचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ येते, असं काहीबाही सांगतील. म्हणजे पोरीचं 'नाटक' एकदम स्नायूंचं काम होऊन बसेल. वर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी लिहून देतील आणि म्हणतील, दुखायला लागताच दोन घास खाऊन घे, लोळायची वेळ येईपर्यंत थांबू नकोस. आपली पद्धत बरोबर उलटी आहे: आधी लोळू द्यायचं, संध्याकाळपर्यंत वाट पाहायची, मग ओवा द्यायचा. गोळीची सवय लागते ना! न दुखण्याची सवय लागली तर पुढे कसं व्हायचं?

त्यातून एखादा डॉक्टर एंडोमेट्रिओसिसचं नाव काढेल. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर वाढते, असा तो आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायका-मुलींना तो असतो आणि नेमकं निदान व्हायला कित्येकदा वर्षं जातात. ती वर्षं वाया जात नाहीत हं, त्यात आपण "लग्न झालं, एक पोर झालं की थांबतंय" हा इलाज चालवत असतो. हिशेब सोपा आहे. पोरगी चौदाची, कायद्याने लग्न अठराला. मधल्या फक्त ४८ पाळ्या कळ काढायची.

शाळेचं काय? शाळेला तर काहीच अवघड नाही. मार्चमध्ये पत्र्याच्या वर्गात बसवलं की शेकायला वेगळी पिशवी लागत नाही. संडासाला बाहेरून कुलूप असावं आणि किल्ली सरांच्या टेबलावर, म्हणजे मुलगी दहादा विचार करून मागते. मी आठवीत असताना पीटीच्या तासाला "पोट दुखतंय" म्हटलं, तर सरांनी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. गॅस असेल म्हणाले. फेऱ्या मारल्या, गॅस नव्हता.

सरकारनं काही केलं नाही असं म्हणू नका. २०१८ मध्ये अस्मिता योजना आली: जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. चांगलंच झालं. पॅडनं रक्त टिपलं जातं. कळ टिपायचं कलम नंतर कधीतरी बघू. त्याआधी, १९९२ पासून, गरीब घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज १ रुपया उपस्थिती भत्ताही होता. पहिली ते चौथीपर्यंत. म्हणजे पोट दुखायचं वय येण्याआधीच तो संपतो. हे ज्यानं आखलं त्याला गणित येत होतं.

गणितावरून आठवलं. महिन्याला दोन दिवस धरले तर वर्षाच्या दहा महिन्यांत २० दिवस गेले. दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. त्यात ताप, लग्नसराई आणि गड्ड्याची जत्रा मिळवा. हजेरीपटात या सगळ्यांसाठी एकच खूण असते. ती जत्रेत पाळण्यात बसली होती की घरी चादरीखाली कण्हत होती, हे त्या चौकटीला कळत नाही. बाई वर्गात "का गं आली नाहीस?" विचारतात तेव्हा मुलांच्या बाकांकडे पाहून ती "बरं नव्हतं" म्हणते. बाईंना कळतं. बाई पुढचं नाव घेतात.

राहता राहिला रजेचा अर्ज. 'पोटदुखी' लिहू नका, तीनदा लिहिलंत की सर संशय घेतात. पाळी तर लिहूच नका. सरळ लिहा: "काल आमच्या भागात पाणी आले होते, ते भरायचे असल्याने शाळेत येऊ शकले नाही." सोलापुरात याला कुणी नाही म्हणत नाही, नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे सरांना पाठ आहे. सही वडिलांची घ्या. पाण्याचं कारण ते मोठ्याने वाचूनसुद्धा दाखवतील.