पानी जाते कुठी?

"पोट्ट्याईले चिखलात फिरवून काय शिकवून रायला बाप्पा?" रविवारी पांदणीवर भेटलेल्या काकांनी विचारलं. सोबत चौथी ते सातवीची बावीस पोरं. रात्री पाऊस दणकून पडून गेला होता. एका दिवसाचं निसर्ग शिबिर, काम एकच: शाळेच्या टिनावरून पडलेलं पाणी जाईल तिकडं त्याच्या मागं जायचं.

आधी हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छत १२ मीटर बाय ६ मीटर. दहा मिलिमीटर पडला तरी ७२० लिटर! एप्रिलमध्ये याच पोरांना घरून बाटली आणावी लागते.

मग पळसाची पानं पाण्यात सोडली. आखरापर्यंत, म्हणजे गावाची गुरं जमतात तिथवर, पोरांच्याही पुढं धावली अन् नव्या सिमेंट रस्त्यापाशी सगळी अडली. रस्ता उंच, खालून पाईप नाही. पाणी वळून दोन घरांच्या अंगणात. "दादा, इथं नळी टाकाचीच इसरले न!" पाचवीतली पोरगी. रस्त्याचं मोजमाप करून गेलेल्यांना हे कसं दिसलं नाही, देव जाणे.

पान अडलं नसतं तर? नाला, वर्धा, प्राणहिता, गोदावरी, मग बंगालचा उपसागर. आमच्याच अमरावती जिल्ह्यात पश्चिमेकडच्या गावातलं पान मात्र पूर्णेतून तापीत आणि तिथून अरबी समुद्रात. वर्धा आणि तापी दोन्ही मध्य प्रदेशातल्या मुलताईकडच्याच, तरी वाटा उलट्या. यावर पोरांचं जे भांडण जुंपलं ते डबे उघडेपर्यंत चाललं.

जेवणाआधी तळ कापलेले दोन टिनाचे डबे जमिनीत रोवले होते, एक बरडावर मुरमात, एक काळ्या वावरात. दोन्हीत एकेक लोटा पाणी. मुरमातलं बघता बघता जिरलं, काळ्यातलं जेवण झालं तरी तसंच. उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिला पाऊस त्यात गडप होतो. मग माती फुगते, भेगा मिटतात, पाणी वर तुंबतं. हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. तरी सांडपाणी जिरवायचे शोषखड्डे मात्र काळीत काय अन् मुरमात काय, एकाच मापाचे. त्यात पाणी साचतं, डास होतात, लोक म्हणतात योजना बोगस. माझं म्हणणं, खड्डा खोदण्याआधी एक डबा रोवून पाहा. फुकट आहे.

शेवटी दोन बाटल्या भरल्या. गवताच्या उतारावरचं पाणी जरासं गढूळ, उताराला उभे तास, म्हणजे सऱ्या, काढलेल्या वावरातलं चहासारखं. तासाभरानं तळाशी बोटभर गाळ बसला. ते वावर ज्याचं, तो पोरगा बाटली घेऊन घरी गेला.

संध्याकाळी त्याच्या बाबांचा फोन आला. "आडवे तास पायजेत, मलेबी समजते जी. पन ट्रॅक्टरवाला आयकत नाई, त्याले लय वळना पडतात. तुमी बोलता का त्याच्याशी?"

उद्या जातोय.