जबाबदारी तुमचीच आहे, बाप्पा!

नागपुरात बर्डीवर बनियन घ्यायला जाल तर लक्षात ठेवा, पैसे मागाहून, मोबाइल नंबर आधी. ‘काका, नंबर सांगा न, त्याच्याशिवाय बिलच नाही निघून राहिलं,’ असं काउंटरवरचं पोरगं म्हणालं की दहाही आकडे खणखणीत आवाजात सांगा. मागच्या रांगेचीही सोय होते. नंबर दिला नाही म्हणून विक्री नाकारू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानदारांना कळवलं आहे. पण ते त्या पोराला ऐकवू नका. तो सल्ला होता, हुकूम नव्हता. आणि नुसत्या सल्ल्याचं काय होतं ते घरी पोरं असलेल्यांना ठाऊक असतं.

संध्याकाळपर्यंत मिहानजवळच्या प्लॉटचा फोन येईल. मला एका मंगळवारी चार आले. चौथ्या बाईने तर ‘सर, तुम्हीच चौकशी केली होती न?’ म्हणून मलाच दटावलं. मी सॉरी म्हणालो.

तक्रारीची हौस असेल तर अशा नकोशा फोनांसाठी 1909 हा नंबर आहे. जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच यावेत असा नियम आहे. प्लॉटवाल्यांनी तो इतका मनावर घेतलाय की ते साध्या दहा आकडी नंबरावरून बोलतात. फोन आल्यावर तक्रार करायला आपल्याला पूर्वी तीन दिवस मिळायचे, 2025 पासून सात मिळतात. सरकार काहीच करत नाही असं म्हणू नका!

कंपन्यांवरही रागावू नका. त्यांनी सगळं लिहून दिलेलं असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि खाली ‘मी वाचले आहे, मला मान्य आहे’ यावर खूण तुम्हीच केलेली असते. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमच्या फोनबुकातल्या मावशीचा नंबर कशाला लागतो, हा प्रश्न अंधारात सुचत नाही, त्याला ते तरी काय करणार? वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या पाळायची तयारी करायला कंपन्यांना त्यापुढे अठरा महिने दिले. घाईगर्दीत चुका होतात हो. तुम्हाला ओटीपी टाकायला तीस सेकंद मिळतात, त्यात मात्र चूक होता कामा नये.

झालीच आणि खात्यातून पैसे गेले, तर दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवलंत की तुमच्यावर भुर्दंड नाही. पण ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, बँकेला कळवा, रडणं नंतर.

आता माझ्याच फोनवर पाहा. एकाखाली एक दोन मेसेज पडलेत. वरचा बँकेचा: अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. खालचा त्या दुकानाचा: तुमचे बिल पाहण्यासाठी या लिंकवर क्लिक करा. बनियन एक साइज मोठी निघाली आहे, आणि बदलायला बिल लागतं.