शॉटगन काढून टाका म्हणणाऱ्या भो लोकांसाठी

काल रात्री लाइट गेली. चोपड्यात मे महिन्यात लाइट गेली की घरात थांबायची सोय नसते, म्हणून आम्ही चौघं गच्चीवर. मोबाईलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम, त्यातला एरँगल नकाशा, पोचिंकी गाव. जिना चढताना आमच्या एका भिडूला कोणीतरी एस६८६च्या, म्हणजे दोन काडतुसांच्या शॉटगनच्या, एका फटक्यात झोपवलं. त्यानं मोबाईल सतरंजीवर आपटला, "भो, ही शॉटगन गेममधून काढूनच टाकायला पायजे. नोब, म्हणजे कच्च्या लोकांचं हत्यार." दीड वाजेपर्यंत वाद झाला. मला धड बोलू दिलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

एका काडतुसात नऊ छर्रे. समजा एका छर्र्याला २० डॅमेज. उघड्या अंगावर पाच बसले की शंभर हेल्थ खलास. पण लेव्हल दोनचं व्हेस्ट (अंगातलं चिलखत) ४० टक्के मार स्वतः खातं, छर्रा उरतो १२चा. आठ लागले तर ९६. समोरचा चार हेल्थवर जिवंत, तुमच्याकडे शेवटचं काडतूस, ते हुकलं की रीलोड करत उभे राहा. सगळा खेळ नवव्या छर्र्यावर, आणि तो कुठं जाणार हे बऱ्याच गेममध्ये फासा टाकून ठरतं. बोंब मारायची तर त्या फाशावर मारा ना. छर्र्यांची नक्षी ठरलेली ठेवली तर हरलेल्यालाही कळेल आपण का मेलो.

रेंजचंही तसंच. मामांकडे केळीत रानडुकरं घुसायची म्हणून लायसनची बारा बोअरची बंदूक होती, म्हणजे खरी शॉटगनच. लहानपणी त्यांनी वीस पावलांवर पत्रा टांगून बार काढून दाखवला होता. भोकं सगळी सुपाएवढ्या जागेत. (कान दोन दिवस वाजत होते, आईनं मामांना जे सुनावलं ते इथं नको.) गेममध्ये मात्र तेवढ्या अंतरावर शॉटगन म्हणजे मूठभर ज्वारी फेकल्यासारखी. तेही चालेल मला, खरी रेंज दिली तर दुसरी बंदूक कोण उचलेल? २००९च्या मॉडर्न वॉरफेअर २ गेममध्ये दोन्ही हातांत मॉडेल १८८७ ही शॉटगन घेतली की लांबचेही टिपले जायचे, शेवटी ती कमजोर करायला पॅच (अपडेट) काढावा लागला.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. शॉटगन जास्त ताकदवान की कमी, हे शॉटगन बघून कळतच नाही. बाकीच्या बंदुकांचा हिपफायर, म्हणजे नेम न धरता कमरेवरून केलेला मारा, बघा. स्कोप न उघडता, धावता धावता, जवळून मारणं ही शॉटगनची जागा. आता एसएमजीला (छोटी, भराभर गोळ्या झाडणारी बंदूक) लेझर लावला की क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, मुठीएवढी होते, वर एम असिस्ट, म्हणजे नेमाला गेमचीच मदत. एसएमजीवाला पण न बघता मारतो, आणि हुकलं तर पुढच्या वीस गोळ्या तयारच. मग दोन काडतुसांची एस६८६ घ्यायची कशाला? डेव्हलपर मग शॉटगनचं डॅमेज वाढवतो, आणि आमचा भिडू मोबाईल आपटतो.

त्यापेक्षा रायफल-एसएमजीचा हिपफायर ढिला करा. जिन्यात घुसायचं तर एकतर शॉटगन आणा, नाहीतर स्कोप उघडून सावकाश या. सीएसगो या गेमनं तिसरीच वाट काढली होती: नोव्हा या शॉटगननं मारलं तर गेममधले ९०० डॉलर, रायफलनं ३००. हत्यार कमजोर ठेवलं, पण बक्षीस तिप्पट.

आज रात्री परत बसतोय. मी एस१२के ही शॉटगन घेऊन जिन्याच्या वळणावर थांबणार आहे. भिडूला टॅग करत नाही, त्याच्या घरचे ही पोस्ट वाचतात.