‘मोठ्या गाडीला ईएससी नको’ म्हणणाऱ्यांसाठी

ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा. तिच्याबद्दल सध्या एक संदेश फिरतोय: ‘मोठी एसयूव्ही घेतली की आधी ईएससी बंद करा. जड गाडी रस्ता सोडत नाही, हात बसलेल्या ड्रायव्हरला तिची गरज नसते, ती ऐन वेळी इंजिनची ताकद कापते आणि ब्रेक असिस्ट तर मनाला येईल तेव्हा ब्रेक मारतं.’ परवा मामेभावाच्या गाडीत बसलो, तर डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा आणि त्याखाली ‘ऑफ’. विचारलं, तर म्हणाला, व्हॉट्सॲपवर आलं होतं. मागच्या सीटवर त्याची दोन मुलं बसली होती. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी वजन. जड गाडीचे टायर रस्त्यावर जास्त दाबले जातात, हे बरोबर. पण वळणावर तिला बाहेर ओढणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे हाती काही लागत नाही. त्यात एसयूव्ही उंच. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं; आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. साध्या कारचा हा आकडा साधारण १.३ ते १.५ असतो, एसयूव्हीचा १.० ते १.३. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये ईएससी सक्तीची करताना अंदाज मांडला होता, की तिच्यामुळे एकट्या वाहनाचे अपघात कारमध्ये ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हीत ५९ टक्क्यांनी कमी होतील. म्हणजे जिला गरज नाही असं म्हणतायत, तिलाच फायदा जास्त.

आता हात बसलेला ड्रायव्हर. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुमच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच आहे. ते दाबलं की चारही चाकांना ब्रेक लागतो. एकट्या एका चाकाला ब्रेक लावणं जगातल्या कुठल्याही ड्रायव्हरला जमणार नाही, कारण त्याच्याकडे तशी सोयच नाही. ईएससीकडे आहे. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, हे ती सेकंदाला अनेकदा ताडून पाहते. ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर निघाला, की ती बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक आवळते आणि नाक जागेवर ओढून आणते. याउलट, स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच सरकत राहिली, तर आतल्या बाजूचं मागचं चाक आवळते. आपल्याला फक्त पिवळा दिवा लुकलुकलेला दिसतो आणि खालून करकर ऐकू येते. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये अचानक वळवण्याच्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास उलटली, तेव्हा ती चालवणारा गाड्या तपासणंच काम असलेला पत्रकार होता. कंपनीने त्यानंतर काय केलं? त्या गाडीत ही यंत्रणा सरसकट बसवली.

ताकद कापते, हे मात्र खरं आहे. वाळूत, खोल चिखलात चाकं फिरती ठेवावी लागतात, तिथे ती बंद करावी. बटण त्यासाठीच आहे. बाहेर पडून डांबर लागलं की पुन्हा चालू. पण वळणावर गाडी घसरत असताना ताकद कापली जाते, ती गाडी रस्त्यावर राहावी म्हणून.

ब्रेक असिस्टबद्दल तर गैरसमजच आहे. ते आपणहून ब्रेक मारत नाही. समोर अडथळा दिसल्यावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा वेगळी. ब्रेक असिस्ट तुमच्या पायाचा वेग ओळखतं. संकटात माणूस पेडलवर पाय झटकन मारतो, पण पुरेसा जोर लावत नाही. ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेमुळे पेडल थरथरलं की काही जण घाबरून पाय उचलतातही. उरलेला जोर ब्रेक असिस्ट लावतं.

त्याने किती फरक पडतो? ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पूर्ण जोराच्या ब्रेकवर, म्हणजे वेग सेकंदाला ९ मीटर प्रति सेकंद इतका घटत असेल तर, सुमारे ४३ मीटरमध्ये थांबते. अर्धवट ब्रेकवर, तो ६ नेच घटत असेल, तर त्याच ४३ मीटरवर ती अजून ताशी ५८ च्या आसपास धावत असते. तिथे कुणी उभं असेल, तर? म्हणून ब्रेक पंप करू नका. जोरात दाबा, थरथरलं तरी दाबून धरा आणि स्टिअरिंगने वाट काढा.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी: टायरची पकड जेवढी असेल, तेवढ्यातच या दोन्ही यंत्रणा काम करतात, नसलेली पकड त्या आणू शकत नाहीत. मामेभावाने बटण दाबलं, दिवा विझला. मग आम्ही खाली उतरून टायर पाहिले. मागचे दोन्ही गुळगुळीत होते.