‘बाकीचे बाटल्या उचलणारे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जिल्ह्याचे सामने आटोपले की आमच्या भागात एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. यंदा तो मला चार गटांतून आला. त्याचा सारांश असा: संघ घडवतो तो मुख्य प्रशिक्षक. चंद्रकांत पंडित आले आणि विदर्भाने रणजी करंडक जिंकला, हा त्याचा पुरावा. सहायक म्हणजे बाटल्या उचलणारे. हरल्यावर शिव्या एकट्या मुख्य प्रशिक्षकाने खायच्या, तर जिंकल्यावर श्रेयाला वाटेकरी कशाला? आणि जबाबदारी वाटली की ती कोणाचीच राहत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी मुलींच्या कबड्डी संघाचा सहायक आहे. पगार नाही, पोट शेतीवर. आमच्यासोबत एक ताई आहे, जुनी खेळाडू. तो मजकूर वाचून ती मला म्हणाली, “भाऊ, मंग मी उद्यापासून नाई आली तं चालते ना?” तिचा तो प्रश्न मला झोंबला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

आधी पंडितांचं. त्यांचं मोठेपण मी कमी करत नाही. 2017-18 मध्ये विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, आणि 2021-22 मध्ये त्यांनीच मध्य प्रदेशलाही करंडक मिळवून दिला. शिस्त आणि जिंकण्याची सवय त्यांनी लावली, हे खरंच आहे. पण त्या पहिल्या मोसमाकडे नीट बघा. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात आपण कर्नाटकला अवघ्या 5 धावांनी हरवलं, ते रजनीश गुरबानीच्या गोलंदाजीवर. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली ती त्यानेच. संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक होते सुब्रतो बॅनर्जी. खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून आलेल्या उमेश यादवला घडवण्यातही त्यांचाच हात आहे. विदर्भ क्रिकेट संघटनेची नागपूरची अकादमी तर पंडित येण्याच्या कितीतरी आधीपासून पोरं तयार करत होती. मजकूर लिहिणाऱ्याने 2024-25 चा मोसमही विसरून टाकलाय. त्या वर्षी पंडित नव्हते. मुख्य प्रशिक्षक उस्मान घनी होते, कर्णधार अक्षय वाडकर. हर्ष दुबेने एका मोसमात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम केला आणि नागपूरजवळच्या जामठ्याला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहूनही पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. एकाच माणसाची किमया असती तर ती त्याच्यासोबतच गेली असती.

आता बाटल्यांचं. हो, बाटल्या आम्ही उचलतो. सकाळी साडेपाचला मैदानावर पाणी मारतो, खडे वेचतो, फक्की मारून रेषा आखतो. पण आमच्याकडे संघ तयार होतो तो मैदानाच्या बाहेर. सोयाबीनची सोंगणी आली की अर्ध्या मुली शेतात. मग कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून मुलगी एक दिवस सरावाला आली तर घरात तेवढे पैसे कमी येतात. अशा वेळी संध्याकाळी घरोघरी जाऊन मायला समजावते ती आमची ताई. शेजारच्या गावच्या मुलीची शेवटची एसटी हुकली तर ती ताईच्याच घरी जेवते, तिथेच झोपते. सरांना, म्हणजे आमच्या मुख्य प्रशिक्षकांना, दुसऱ्या दिवशी सात जणी मैदानावर दिसतात. त्या सात कशा जमल्या, हे फ्लेक्सवर कुठे येतं?

खेळातलंही सांगतो. एका सामन्यात समोरच्या चढाईपटूने पहिल्या डावात चार बोनस नेले. बोनस म्हणजे बचावाच्या बाजूच्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा जादा गुण. बचाव करणाऱ्या संघाचे सहा किंवा सात खेळाडू मैदानात असले तरच तो मिळतो, म्हणजे आमचा संघ भरलेला असताना ती फुकटात गुण नेत होती. आमची कोपऱ्यातली मुलगी दर वेळी आधीच झेपावायची आणि फसायची. दोरीपलीकडे बसलेल्या ताईने वहीत खुणा करून ठेवल्या होत्या: ती आधी उजव्या कोपऱ्याला हूल देते, मग पाय डावीकडे टाकते. मध्यंतराच्या पाच मिनिटांत तिने वही सरांपुढे धरली. सरांनी एक क्षण पाहिलं आणि डाव्या कोपऱ्याला सांगितलं, “थांब. पाय रेषेपलीकडे पडू दे, मग घोटा धर.” दोन पकडी झाल्या आणि सामना फिरला. पाहिलं ताईने, मानलं आणि निर्णय घेतला सरांनी, आणि घोटा सोडला नाही तो त्या मुलीने. यातला कुठला भाग काढून टाकायचा ते मजकूरवाल्याने मला दाखवावं. सरांच्या जागी आढ्यतेखोर माणूस असता तर वही उघडलीच नसती, हेही तितकंच खरं.

हरल्यावर शिव्या एकटे सर खातात, हा मुद्दा मात्र मला टोचतो, कारण तो अर्धा खरा आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुख्य चढाईपटूचा गुडघा दुखत होता. ती मला म्हणाली, “भाऊ, सरायले नका सांगू जी, मले बसवतीन ते.” मी तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि गप्प राहिलो. सरांनी तिला उतरवलं. दुसऱ्या डावात वळताना तिचा पाय मुरगळला, आम्ही तीन गुणांनी हरलो आणि ती पोरगी पूर्ण हंगाम घरी बसली. चौकात लोक सरांना बोलले. रात्री मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते चिडले. म्हणाले, “सांगितलं असतंस तर मी तिला बसवलं असतं.” बरोबर होतं त्यांचं. तो पराभव माझा होता, आणि त्या मुलीचा गेलेला हंगामही माझ्यामुळेच गेला.

सहायकाला काहीच श्रेय नाही असं मानलं, की त्याला काही जाबही विचारता येत नाही. त्या मजकुराच्या हिशेबाने मी त्या रात्री निवांत झोपायला मोकळा होतो.

वाटेकरी कशाला, याचं उत्तर राहुल द्रविडने भारतीय संघांचा मुख्य प्रशिक्षक असताना दोनदा दिलंय. 2018 मध्ये 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकल्यावर त्याला 50 लाख आणि सहायकांना 20-20 लाख जाहीर झाले. त्याने नाराजी दाखवली, आणि शेवटी सगळ्यांना 25-25 लाख मिळाले. स्वतःचे निम्मे कमी झाले तरी चाललं त्याला. 2024 च्या टी-20 विश्वचषकानंतरही त्याने पाच कोटींऐवजी सहायकांइतकेच अडीच कोटी मागितल्याच्या बातम्या आल्या. मुख्य प्रशिक्षकच असं वागतो, तिथे आपण गावच्या फ्लेक्सवरची एक ओळ का वाचवतोय?

वाटलेली जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हे कधी होतं? काम न ठरवता सगळ्यांनी सगळं करायचं म्हटलं तेव्हा. गुडघ्याच्या त्या प्रकरणानंतर सरांनी ताईच्याच वहीचं पहिलं पान फाडून नव्याने लिहिलं. ते पान अजून आहे. कोपरे आणि पकडी, समोरच्या संघाच्या खुणा: ताई. गुडघे, घोटे, वजन, घरच्यांशी बोलणं झालं की नाही: मी. कोण उतरणार, कोण बसणार, टाइम आउट केव्हा: सर. खाली तिघांच्या सह्या. सामन्याच्या सकाळी मी प्रत्येकीला विचारतो, लिहितो आणि ते पान सरांच्या हातात देतो. कोणी रडली तरी देतो.