पथ्य कुत्र्याचं, उपास घराचा

आमचा बंड्या रात्री दोनच्या सुमारास कान खाजवायला बसतो. मागचा पाय फरशीवर असा धडधड आपटतो की खालच्या काकूंना वाटतं, वर कुणी खलबत्त्यात मसाला कुटतंय. त्या फोन करतात. आम्ही जागेच असतो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ झाली, हळद झाली. खोबरेल चोपडलं, तर त्यानं निम्मं चाटून फस्त केलं आणि उरलेलं सोफ्याला पुसलं.

डॉक्टरांनी आधी पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त केला. मग पंजे उलटे करून बोटांच्या बेचक्यातली लालभडक कातडी आणि चाटून चाटून तांबूस झालेले केस दाखवले. "खाज ठरावीक मोसमात असते का?" छे, बारमाही. "मग खाण्यावर संशय घ्यायला हवा." रक्त तपासून मोकळे होऊ, असं मी सुचवलं. पण अन्नाच्या ॲलर्जीत त्या तपासण्यांचा भरवसा नसतो म्हणे. खरी परीक्षा एकच: किमान 8 आठवडे, आजवर कधीच न खाल्लेलं एक प्रथिन, सोबत एक पिष्ट, आणि वर पाणी. चवदार औषधी गोळीसुद्धा बंद.

"यानं आजवर काय काय खाल्लंय?"

इथे आमची दातखीळ बसली. बाहेरून येणारा चिकन-भात रोजचा. शिवाय अंडं, पनीर, दही, तूप लावलेली पोळी, गणपतीतले मोदक आणि एकदा रविवारची पुरवणी. उरला मासा, कारण तो आमच्या घरात कधी आलाच नव्हता. बांगडा आणि उकडलेलं रताळं ठरलं. मासेमारीबंदी 31 जुलैला उठलेली, त्यामुळे बाजारात बांगडा होता. आणि घरात श्रावण होता. मंगळागौरीच्या सकाळी बाल्कनीतल्या वेगळ्या शेगडीपाशी बसून मी बांगड्याचे काटे निवडत होतो, आणि आई आतून मोठ्यानं आरती म्हणत होती. एरवी ती इतक्या मोठ्यानं म्हणत नाही.

बंड्यानं पथ्य निमूट पाळलं. प्रश्न माणसांचा होता. आईच्या मते पोळीचा चतकोर म्हणजे 'खाणं' नव्हेच. कामाच्या ताई चहात बुडवलेलं बिस्किट 'तोंडाला चव म्हणून' देत. बाबा काहीच बोलत नसत, फक्त त्यांचा डावा हात जेवताना टेबलाखाली असे. प्रत्येक चतकोरागणिक डॉक्टर शांतपणे म्हणत, "मग पुन्हा पहिल्या दिवसापासून." फ्रिजवर मी पाटी लावली. ती वाचून बाबांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

शेवटी एकदाचे आठवडे भरले. खाज उतरली, पोटावर लव आली. आता उलट तपास: जुने पदार्थ एकेक करून द्यायचे, आणि प्रत्येकासाठी दोनेक आठवडे वाट बघायची. पहिलं चिकन. आठवडा संपायच्या आत पंजे पुन्हा लाल.

आईचा चेहरा उजळला. तिच्या तुपावर आळ आला नव्हता. तेव्हापासून ती कुत्र्याच्या बिस्किटांची पाकिटं चष्मा लावून वाचते. दर्शनी बाजूला मेंढीचं चित्र असलेल्या एकाच्या मागे बारीक अक्षरात कोंबडीची चरबी तिनंच पकडली. आता पोळी आणि दही निर्दोष ठरायचे बाकी आहेत, त्यांच्या तारखा तिनं कालनिर्णयावर लिहून ठेवल्यात.

परवा निघताना बाबांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पेढ्याचीही अशीच चाचणी घेता येईल का?"