‘लायकी असेल तर येतील निवडून’: खरंच?

राजकारणातल्या महिला आरक्षणाचा विषय निघाला की ठरलेला मेसेज फिरू लागतो: ‘लायक पुरुष डावलले जातात. बायका नावापुरत्या, कारभार नवऱ्याचा. धोरणात काडीचा फरक पडत नाही. कर्तबगार बायका आपोआप येतीलच.’

आधी लायकी. उमेदवारी काय परीक्षा घेऊन मिळते? स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९९०च्या दशकात यादीत बाई-पुरुष असा आलटून-पालटून क्रम सक्तीचा केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यामुळे स्थानिक संस्थांत निवडून येणाऱ्या पुरुषांची गुणवत्ता वाढली. गळाले ते सुमार पुढारी.

नवऱ्याचा कारभार ही तक्रार खोटी नाही, पण दोष भलत्याच्या माथी मारलाय. मेक्सिकोत खासदाराबरोबर एक पर्यायी सदस्यही निवडून येतो. २००९ मध्ये कोट्यातून जिंकलेल्या काही महिलांनी अधिवेशन सुरू होताच रजा मागितली आणि त्यांच्या खुर्चीत पर्यायी पुरुष बसले. काही तर त्यांचेच नवरे-भाऊ! पक्षांनी पळवाट आधीच हेरली होती. २०११ मध्ये निवडणूक न्यायाधिकरणाने बजावलं, कोट्यातल्या महिलेचा पर्यायही महिलाच हवी. २०१४ मध्ये समसमान उमेदवारीची अट थेट संविधानात आली. २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहात ५००पैकी २५० महिला होत्या. फ्रान्समध्ये २०००च्या कायद्याने बायकांना निम्मी तिकिटं न देणाऱ्या पक्षांचं सरकारी अनुदान कापायचं ठरवलं. तिथल्या मोठ्या पक्षांनी तर ही कपात सोसली, पण बायकांना पुरेशी तिकिटं दिली नाहीत. इथे नालायक कोण ठरलं?

धोरणाचं म्हणाल तर राजस्थानातल्या पंचायती पाहा. सरपंचपद कुठे राखीव, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत असल्याने तुलना चोख होते. तिथे बायकांच्या तक्रारी पिण्याच्या पाण्याच्या, पुरुषांच्या रस्त्यांच्या. महिला सरपंच असलेल्या गावांत पाण्याची कामं वाढली, रस्त्यांची घटली. रस्ते मागे पडले हे चांगलं की वाईट, यावर खुशाल भांडा. फरक पडत नाही असं मात्र म्हणू नका.

आणि ‘आपोआप’? जगभरच्या संसदांत १९९५ साली महिला ११ टक्के होत्या, आज साधारण २७. म्हणजे तीस वर्षांत जेमतेम सोळा टक्क्यांची भर, तीही अनेक देशांनी कोटे लावल्यावर.

रवांडाचा दाखला मुद्दामच दिला नाही. तिथल्या कनिष्ठ सभागृहात निम्म्याहून जास्त महिला आहेत, पण खरी सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या हाती एकवटलेली. आरक्षणावर टीका करायचीच असेल तर तिथून सुरुवात करावी.